माया बापाचा वाघ वापस दे

आमच्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षाबाहेर एक पाटी लावली आहे. 'जुन्या नोंदींमधील आजारांची नावे व त्यांचे अर्थ.' पांढऱ्या पाटीवर निळी अक्षरं, बाजूने सागवानी चौकट. पटकी म्हणजे कॉलरा. देवी किंवा माता म्हणजे ज्याची लस आता कोणी घेत नाही तो रोग. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. धनुर्वात, संग्रहणी, महारोग, मुडदूस, फेफरं, बाळंतरोग, सगळं ओळीने.

ती यादी माझी आहे. तीस वर्षं वहीच्या मागच्या पानांवर लिहून जमवलेली. तिथल्या एका बाबूने 'नामदेवभाऊ, दोन दिवस द्या, पाहून वापस करतो' म्हणून वही नेली, आणि महिन्याभराने ही पाटी लागली. खाली कार्यालयाचं नाव आहे. त्याखाली पाटी रंगवणाऱ्या पेंटरचं नाव आहे, मोबाइल नंबरासकट. माझं नाव नाही.

संपादकांनी मला 'लेखात कटुता नको' असं कळवलं आहे. कटुता नाही. फक्त लक्षात आहे.

माझा धंदा काय, ते बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. मी चिमूरचा. दहावीनंतर शिकायची सोय नव्हती, म्हणून तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहायला बसलो. टेबलही उसनं होतं. पुढे लोक जुने दाखले मागायला लागले. जातीच्या पडताळणीला आजा-पणजाचा कागद लागतो, आणि आमच्या भागात आजा शाळेत गेलेला नसतो, त्याच्या नावाचा सातबारा नसतो. त्याच्या नावाचा सरकारदरबारी एकच कागद असतो, तो मेल्याचा. गावचा कोतवाल जन्माची आणि मरणाची वर्दी ठाण्यात द्यायचा. ठाण्यातला कारकून ती वहीत चढवायचा: नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. वाळवी, पाऊस आणि तीन वेळा हललेलं कार्यालय यांतून वाचलेल्या त्या वह्यांमधून माणूस हुडकून काढायचा, हा माझा धंदा.

भाव मी करतो आणि जोरात करतो. माझा आवाज मोठा आहे असं बायको म्हणते. समोरचा गरीब असेल तर मी दुप्पट ओरडतो आणि निम्मं घेतो. समोरचा पुण्याहून आला असेल तर हळू बोलतो.

पुण्याहूनही येतात आता. त्यांना पडताळणी नको असते, वंशावळ हवी असते. एक संगणकवाला आला होता. त्याच्या सात पूर्वजांच्या नोंदी मी काढून दिल्या. सातही जणांपुढे 'ताप'. तो गंभीर झाला. म्हणाला, "म्हणजे आमच्या घराण्यात प्रतिकारशक्तीच कमी." मी म्हटलं, साहेब, त्या काळी ठाण्यात फक्त पाच आजार होते. उरलेले सगळे ताप. झाडावरून पडून मेलेला माणूसही मरताना गरम असेल तर ताप. त्याला ते पटलं नाही. त्याने जाऊन रक्त तपासून घेतलं.

एका गृहस्थाचा आजा दोनदा मेला होता. एकदा आपल्या गावी पोटशुळाने, आणि दहा दिवसांनी सासुरवाडीत म्हातारपणाने. दोन्ही गावच्या कोतवालांनी आपापली वर्दी दिली होती. गृहस्थ विचारत होते, श्राद्ध कोणत्या तिथीला करू? मी म्हटलं, जिथे चांगलं जेवण मिळालं असेल तिथे तो नंतर मेला असणार. दुसरी तिथी धरा.

एका आजीबाईची नोंद होती: वय अंदाजे चाळीस, कारण म्हातारपण. तिची नात पन्नास वर्षांची होती. माझ्याशी भांडून गेली.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एक प्रकरण मात्र माझ्या अंगावर आलं, आणि त्यात चूक माझीच होती.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलात, एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात. त्या गावचा देवाजी कुमरे माझ्याकडे आला. किराण्याचं दुकान, मोटरसायकल, हातात दोन मोबाइल. पोराच्या पडताळणीसाठी त्याला त्याचा आजा सोमा कुमरे याची नोंद हवी होती. मी दोन दिवसांत काढून दिली. जात बरोबर होती, नाव बरोबर होतं, माझं काम संपलं. देवाजी कागद वाचत तिथेच उभा राहिला.

"भाऊ, इथी कारणात का लिहिलं आहे?"

"वाघाने खाल्ले," मी म्हटलं.

"माया आजाले?"

"तुझाच आजा ना?"

"आमच्या घरी तर कोनी सांगतलं नाई."

"लाजले असतील," असं मी म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. हे वाक्य मला पुढे महागात पडलं.

दोन महिन्यांनी, होळी झाल्यावर, माझ्या टेबलासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. वय ऐंशीच्या आसपास, ताठ, हातात काठी होती पण ती टेकायला नव्हती. टेबलावर काठी आपटून म्हणाली, "नामदेव तूच का?"

"हो बाई. बसा."

"बसत नाई. माया बापाचा वाघ वापस दे."

मी खूप प्रकारची भांडणं पाहिली आहेत. हे नवीन होतं.

ती बुधाबाई मडावी. देवाजीच्याच गावची. ती आईच्या पोटात होती तेव्हा तिच्या बापाला, महारूला, नाल्याजवळ वाघाने नेलं. अख्ख्या गावाला माहीत. त्यांच्या गावच्या शिवेवर, ऐनाच्या झाडाखाली, वाघदेवाचा दगड आहे. मोहफूल वेचायला गाव जंगलात शिरतं त्या पहिल्या दिवशी तिथे पूजा होते, आणि ज्या घरचा माणूस वाघाने नेला त्या घरचा नारळ पहिला फुटतो. बुधाबाईचा नवरा लमसेना, म्हणजे सासऱ्याच्या घरी राबून राहिलेला जावई. त्यामुळे ती लग्नानंतरही त्याच गावात, बापाच्याच आडनावाने राहिली आणि बापाचा नारळ फोडत राहिली. आता देवाजीने माझा कागद प्लास्टिकमध्ये मढवून गावभर फिरवला होता. वाघाने माझा आजा खाल्ला, सरकारी शिक्का आहे, यंदा पहिला नारळ माझा.

"आनि म्हंते का, त्या वर्सी वाघानं एकच मानूस खाल्ला. मंग तुया बाप कशानं मेला, दाखव कागद." बुधाबाईचा आवाज एकदम खाली आला. "ऐंशी वर्स मी रांगेत शेवटी चालली, बाबू. आता म्हंते तुया बाप वाघानं खाल्लाच नाई."

"रांगेत शेवटी म्हणजे?"

"ज्या घरचं मानूस वाघानं खाल्लं त्या घरानं जंगलात जाताना शेवटी चालाचं. वाघ वास वयखते. वापस येते तं त्याच घरच्या मानसासाठी येते. बाकीच्यायनं काऊन मराचं?"

पूजेला आठ दिवस होते. मी भाव केला. ती म्हणाली, चूक तुयी, पैसे कायचे? मी ओरडलो. ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. शेवटी एक पायली चारोळीवर ठरलं, तीही काम झालं तर.

दुसऱ्या दिवशी मी तीच वही काढली. सोमा कुमरेच्या ओळीवर बोट ठेवलं: वय अंदाजे पन्नास, वाघाने खाल्ले. बोट एक ओळ खाली सरकवलं आणि माझ्या कानशिलात कोणी तरी दिल्यासारखं झालं. त्याच दिवसाची वर्दी. महारू मडावी, वय अंदाजे पंचवीस. कारण: हगवण.

ही ओळ मी दोन महिन्यांपूर्वी वाचली असती तर देवाजीला 'लाजले असतील' म्हणालो नसतो. पण मला गिऱ्हाइकाची ओळ वाचायची सवय. शेजारची ओळ फुकट कोण वाचतो?

बुधाबाईला नातवाच्या मोबाइलवर फोन केला. "बाई, पान खराब आहे. वेळ लागेल." तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खोटं बोलून राह्यला तू," आणि फोन ठेवला.

पन्नाशीचा माणूस घरात हगवणीने मरतो, पंचविशीचा नाल्यावर जातो. माझं मन सांगत होतं, कारणं उलटीसुलटी झाली आहेत. पण मनाची नक्कल मिळत नाही. मग मला सुचलं की वर्दी देणारा कोण होता ते पाहावं. वहीत कोतवालाचं नाव होतं. त्याचा नातू कुरखेड्याला सापडला, निवृत्त शिक्षक, मेश्राम गुरुजी. मी त्यांच्याकडे गेलो.

गुरुजी अंगणात पेपर वाचत होते. मी विषय काढला. त्यांनी चष्मा पुसला.

"माझ्या आजाला लिहिता येत नव्हतं, भाऊ. आमच्या माणसाला शाळेच्या ओसरीवरही बसू देत नव्हते. पण वर्दी तर द्यायची. ठाणं दोन दिवसांच्या वाटेवर. मग त्याने जंगलातून बाराखडी आणली."

ती बाराखडी अशी. कोणी मेलं की आजा आपल्या उपरण्याला एक गाठ मारायचा. गाठी घरांच्या क्रमाने, म्हणून नाव आठवायचं. आणि प्रत्येक गाठीत एक बी. तापाला मोहाची बी. देवीला बिबा, अंगावर फोड येतात म्हणून. म्हातारपणाला चिंचोका. हगवणीला हिरडा; हिरडा घेतल्यावर जे होतं तेच, विसरायचा प्रश्नच नाही. वाघाला बोरीचा काटा. तान्हं मूल गेलं तर चारोळीचा दाणा. ठाण्यात उपरणं सोडायचं, कारकून लिहायचा.

"फक्त चारोळीचं जमायचं नाही," गुरुजी म्हणाले. "दोन दिवसांची वाट. भूक लागली की आजा गाठ सोडून दाणा खायचा. त्यामुळे आमच्या भागात तान्ही मुलं कमी मेली असं सरकारला बरीच वर्षं वाटत होतं."

आम्ही दोघे हसलो, आणि मग हसणं जरा लवकर थांबलं.

माझ्या वहीतल्या यादीत तीस वर्षांत ही गोष्ट नव्हती. मी आजारांचे अर्थ लावत बसलो होतो आणि आजार बियांमधून आले होते. पण सोमा-महारूचं काय, ते गुरुजींना माहीत नव्हतं. मी निराश होऊन उठायला लागलो तेवढ्यात सूनबाईंनी चहा आणला. मी एक घोट घेतला. गुरुजींनी एक घेतला. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "झालं. सोमाले खाल्ला वाघानं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्या घरची म्हण आहे. इकडचं तिकडं झालं की म्हणतात. माझी आजी म्हणायची."

"कोण सोमा?"

"कोणास ठाऊक. आजा एकदा ठाण्याला जाताना नदीत घसरला. उपरणं भिजलं. बिया कुजतील म्हणून गाठी सोडून खडकावर वाळत घातल्या. पुन्हा बांधताना दोन गाठींतलं सामान बदललं. ठाण्यात लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण कारकुनाला सांगायची छाती कोणाची? घरी येऊन आजीला सांगितलं. ती जन्मभर चिडवत राहिली. मीठ-साखर बदललं, पायातल्या चपला बदलल्या, की सोमाले खाल्ला वाघानं. आम्हीही म्हणतो. सून पण म्हणते."

आतून सूनबाई म्हणाल्या, "हाव. मले वाटे नवऱ्याकडचा कोनी मामा असन."

मी खिशातून नक्कल काढली आणि दोन ओळींवर बोट ठेवून गुरुजींपुढे धरली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. मग पेपराची घडी केली आणि म्हणाले, "पूजेला मी येतो. आजाची चूक आहे."

पूजेच्या दिवशी पहाटे सगळं गाव शिवेवर जमलं होतं. टोपल्या डोक्यावर, रांग लागायची बाकी. गावचा भूमक, म्हणजे पूजा करणारा म्हातारा, ऐनाखाली बसला होता. त्याच्या एका बाजूला देवाजी नारळ घेऊन, काखेत मढवलेला कागद. दुसऱ्या बाजूला बुधाबाई नारळ घेऊन. तिच्याकडे कागद नव्हता.

गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. गाव ऐकत होतं. बिया, नदी, खडक, म्हण. म्हातारे माना हलवायला लागले. देवाजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद वर केला.

"गुरुजी, तुमचा आजा बोरं खाते का चारोळी खाते, मले का करायचं? मायाजवळ शिक्का आहे. तुमच्याजवळ खारा चहा आहे."

लोक हसले. बुधाबाईने माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी इतका राग आला की मी ओरडलोच नाही. माझ्या बायकोला सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही. मी पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलतो त्या हळू आवाजात बोललो.

"देवाजीभाऊ बरोबर बोलतात," मी म्हटलं. "शिक्का तो शिक्का. वाघ त्यांचाच. बुधाबाई, द्या त्यांना."

बुधाबाईने काठी उचलली. मी घाईने पुढे बोललो. "नारळ त्यांचा आणि जागाही त्यांची. भूमकबाबा, रांगेत शेवटी कोण चालते तुमच्या गावात?"

भूमकाने दोन्ही नारळांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ज्याच्या घरचा वाघानं नेला, ते घर."

"म्हणजे आजपासून कुमरे. ऐंशी वर्षं मडावीबाई चुकून चालल्या. आता त्या पुढे येतील, मध्ये बायापोरांत. वाघ वास ओळखते म्हणतात. कागदावर तर शिक्काच आहे."

त्या वर्षी शेजारच्या गावच्या नाल्यात वाघाचे पंजे उठले होते. वनखात्याने दोनदा दवंडी दिली होती. देवाजीने मागे पाहिलं. मागे धुकं होतं आणि वाट होती. देवाजीच्या बायकोने टोपली खाली ठेवली.

"मी नाई जात शेवटी," ती म्हणाली. "तुमचा आजा, तुमी जा."

देवाजी माझ्याजवळ सरकला. "भाऊ, हा कागद दुरुस्त होते का?"

"नाही होत. शिक्का आहे."

"मंग?"

"तोंडानं होते. मोठ्यानं सांगावं लागन. सगळ्यायच्या समोर. आजा कोन आनि कशानं मेला."

"हळू सांगतलं तं नाई चालत का?"

"इथून त्या मोहाच्या झाडापर्यंत ऐकू गेलं पाहिजे." तिथे भाव मी कमी केला नाही.

देवाजी ऐनाकडे तोंड करून उभा राहिला. गळा साफ केला. "माया आजा सोमा कुमरे," तो म्हणाला, आणि थांबला. मग एका दमात, "हगवनीनं मेला." मोहाच्या झाडावरचे पोपट उडाले. भूमक म्हणाला, "बरं." पोरं अजून त्याला दुकानात चिडवतात, साबणाची वडी मागताना आधी आजाची तब्येत विचारतात.

बुधाबाईने नारळ फोडला. एका फटक्यात, बरोबर दोन भकलं. त्यावर हळद-कुंकू घातलं आणि दगडाशी काही बोलली, गोंडीत, आम्हाला न कळणारं. मग टोपली डोक्यावर घेतली आणि रांग सुरू झाल्यावर, सगळे पुढे गेल्यावर, सगळ्यांच्या मागून निघाली. देवाजी रांगेच्या बरोबर मध्ये होता, मी मोजून पाहिलं.

चारोळी द्यायला ती आठवड्याने माझ्या टेबलाशी आली. पायली बरोबर भरलेली होती. मग म्हणाली, "आता मले पन कागद दे."

"बाई, वहीत हगवणच लिहिलं आहे. तेच राहील. बदलत नाही."

"वही त्यायची. तू तुया हातानं लिहून दे."

मी कोरा कागद घेतला. कोणताही शिक्का नसलेला. त्यावर चांगल्या अक्षरात लिहिलं: महारू मडावी, वय अंदाजे पंचवीस, वाघाने खाल्ले. आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, सही नव्हे तर पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. पेंटरसारखा मोबाइल नंबरही टाकणार होतो, पण ते बरं दिसलं नसतं. या कागदावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, ही पाटी माझी, असं मला वाटलं. ते सांगायला लाज नाही.

पावसाळ्याआधी एका कामाने त्या गावी गेलो तेव्हा मुद्दाम तिच्या घरी डोकावलो. कागद भिंतीवर होता. चौकटीतला नातवाच्या लग्नाचा फोटो बाहेर काढून त्याच्या जागी तो घातला होता. महारू दिसत होता, वय दिसत होतं, 'वाघाने खाल्ले' छान ठसठशीत दिसत होतं. चौकट जरा लहान पडली होती, म्हणून खालचा दोन बोटं कागद मागे दुमडला होता.

"बाई," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "माझं नाव कुठे गेलं?"

तिने चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुयं नाव कायले पायजे?" ती म्हणाली. "वाघ दिसून राह्यला ना?"